भाडेकरू ते गावकरी

हनुमान जयंतीला मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचे बगाड निघते. कोणत्या घराण्याचा कोणता मान, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. मिरवणुकीच्या वाटेवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि कडेला बिहार, ओडिशा, आंध्र, मराठवाडा अशा सगळीकडून पोटासाठी आलेली माणसे मोबाइल उंच धरून उभी असतात. गाव त्यांना हटकत नाही, प्रसादही देते. पण उत्सवात त्यांना मान नाही. ती प्रेक्षक आहेत.

समाज बाहेरच्यांना कशामुळे सामावून घेतो, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे: मन मोठे हवे. मुळशी तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र मनापेक्षा व्यवहाराकडे आणि व्यवहारापेक्षा हक्काकडे बोट दाखवतो.

आधी मुळशीकरच परके

टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती आणि वीज जाणार होती मुंबईला. लढ्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे, म्हणजे मुळशीच्या दृष्टीने बाहेरचेच. तरी याच मातीने त्यांना ‘सेनापती’ केले. उलट, इथल्या जमिनींवर मालकी सांगणारे पुण्याचे सावकार जुने आणि ओळखीचे होते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात या सावकारांचा कल मोबदल्याकडे आणि कसणाऱ्यांचा जमिनीकडे असल्याचे दिसते. आपला कोण आणि परका कोण, हे जन्मगावावरून ठरले नाही. कोण कशासाठी उभा राहिला, त्यावरून ठरले.

धरण झालेच. काही कुटुंबे डोंगरात वर सरकली, काहींनी शहराची वाट धरली. तशीही मावळपट्ट्याला मुंबईची वाट जुनीच. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. मुंबईने त्यांना गरजेपोटी जागा दिली. दुसऱ्या कोणाच्या ताटातला घास ते काढून घेत नव्हते, हेही तितकेच खरे.

भाड्याचा जिव्हाळा

1990 च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले आणि चित्र उलटे झाले. आता मुंबई-पुण्याला जाणारा मुळशीकर यजमान झाला. शेतात चाळी उठल्या, एकेका खोलीत चार-चार मजूर राहू लागले. पिरंगुटच्या कारखान्यांभोवतीही तेच घडले. भाडे, डिपॉझिट, टँकर, मेस, किराणा, बस यांतून गावात पैसा आला. भाडेकरू हवाच होता.

या स्वागताला एक अट होती, ती म्हणजे कमाईची. ज्याच्या चार खोल्या त्याला परप्रांतीय लक्ष्मी वाटतो. ज्याने जमीन विकून पैसा संपवला आणि आता गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा आहे, त्याला तोच माणूस खुपतो. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने 2018 मध्ये याच जमीनविक्रीनंतरच्या पोकळीची गोष्ट सांगितली.

झगडा कुठे पेटतो याचे एक सूत्र आहे. मायरन वायनर यांनी 1978 मध्ये भूमिपुत्रांच्या चळवळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थानिक सुशिक्षित तरुण ज्या नोकरीकडे डोळे लावून बसतो, तिथे बाहेरचा आधीच बसलेला असला की ठिणगी पडते, असे त्यांना दिसले. 1966 मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला रोख हमालांवर नव्हता, कचेऱ्यांतल्या दक्षिण भारतीय कारकुनांवर होता. 2008 मध्ये परप्रांतीयविरोधी आंदोलनामुळे पुण्या-नाशकातून उत्तर भारतीय मजुरांनी गाठोडी बांधली, तेव्हा हा रोख मजुरांकडे वळला होता. हिंजवडीत कोडिंगच्या नोकरीवरून सहसा भांडण होत नाही. ते होते भंगार, वाहतूक, पाणी, हाउसकीपिंग यांच्या ठेक्यांवरून, आणि उन्हाळ्यात टँकरवरून. एकाच नळावर दोन रांगा लागल्या की पाहुणचार आटतो.

नुसता सहवास पुरत नाही

शेजारी राहिले की माणसे जवळ येतात, हा समज अर्धाच खरा आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहांवरच्या ग्रंथात सहवासाला चार अटी घातल्या: बरोबरीचा दर्जा, सामाईक उद्दिष्ट, सहकार्य आणि सत्तेचा पाठिंबा. पुढे पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सहवासाने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या गेल्या तर जास्त कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हिंजवडीत या अटी लावून पाहाव्यात. घरमालक आणि भाडेकरू रोज भेटतात, पण बरोबरीने नाही. सोसायटीवाला आणि गाववाला एकाच कोंडीत अडकतात, पण दोघांमध्ये गाडीची काच असते. बरोबरीची जागा एकच, जिल्हा परिषदेची शाळा. गवंड्याचे आणि गावच्या शेतमजुराचे पोर तिथे एका बाकावर बसते आणि मराठी खेळता-खेळता शिकते. राज्याने 2020 च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. पण मैदानावरची मराठी कायद्याआधी पोहोचते.

यादीतले नाव

निखार गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी भारतभरच्या नगरसेवकांकडे मदत मागणारी पत्रे पाठवून एक प्रयोग केला. जुन्या रहिवाशाच्या तुलनेत नव्याने आलेल्याला प्रतिसाद कमी मिळाला. प्रांताभिमानाने या फरकाचा उलगडा होत नव्हता. मतांच्या हिशेबाने होत होता. नवा माणूस इथे मत देणार नाही, हे पुढाऱ्याला ठाऊक असते. दुसऱ्या प्रयोगात, दोन शहरांतल्या स्थलांतरितांना घरोघरी जाऊन मतदारनोंदणीला मदत केली, तेव्हा नोंदणी 24 टक्के बिंदूंनी वाढली. आणि हे नवे मतदार पुढाऱ्यांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी तिथे प्रचार वाढवला.

मुळशीला हे थेट लागू पडते. 2021 मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी-माण मात्र ग्रामपंचायतीच्या कारभारातच शहराएवढी वाढली. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. पण खोलीतल्या मजुराचे नाव यादीत असते त्याच्या मूळ गावी. म्हणून पाण्याच्या वाटपावर तो ग्रामसभेत बोलू शकत नाही. गावालाही त्याच्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

गावाची भीतीही खोटी नाही. उद्या सगळ्यांची नावे चढली तर मूळचे गावकरी आपल्याच गावात अल्पमतात जातील. या भीतीवर उतारा आहे तो पाणी, शाळा आणि रस्ते डोक्यांच्या प्रमाणात वाढवण्यात. नवा आला म्हणून जुन्याच्या हंड्यातले कमी झाले नाही, एवढे दिसले तर विरोधाची धार बोथट होते. हे काम सरपंचाच्या ताकदीबाहेरचे आहे. ज्या शासनाने उद्योग आणले, त्यानेच ते करायला हवे.

बाहेरच्याला गावकरी व्हायला मराठी यावी, ही अपेक्षा रास्त आहे. त्याच्या मुलाला शाळेत जागा, घराला नळ आणि त्याला यादीत नाव मिळावे, ही त्याची अपेक्षाही तितकीच रास्त आहे. या दोन अपेक्षा एकाच ग्रामसभेत मांडता आल्या पाहिजेत.