टीव्हीचा सिग्नल जातो कुठे?

पाथर्डीत माझं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. पाऊस सुरू झाला की फोनवर एकच तक्रार येते : चित्र फाटतंय, चौकटी पडतात, आवाज तुटतो आणि मग पडद्यावर 'नो सिग्नल'. त्यामागोमाग प्रश्न येतो, "बॉक्स गेला का, भाऊ?" बॉक्स क्वचितच गेलेला असतो. दोष बहुतेक वेळा गच्चीवरच्या छत्रीत, तिच्या पुढच्या दांडीवर सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीत किंवा तिथून खाली येणाऱ्या वायरीत सापडतो. सिग्नल कधी आणि कसा जातो हे नीट पाहिलं, तर दोष कुठे आहे ते घरच्या माणसालाही बरंचसं ओळखता येतं.

जुन्या अँटेनाच्या काळात असं नव्हतं. पुण्याचं दूरदर्शन केंद्र १९७३ साली सिंहगडावरून सुरू झालं. त्या काळच्या टीव्हीवर सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागे माणसं दिसत राहायची. डिजिटल सिग्नलचं तसं नाही. वाटेत थोडी माहिती गळाली तर बॉक्स हिशेब करून ती भरून काढतो, त्यामुळे सिग्नल बराच घसरला तरी चित्र अगदी स्वच्छ दिसतं. गळती एका मर्यादेपलीकडे गेली की मात्र सगळं एकदम कोसळतं. म्हणून "काल रात्रीपर्यंत छान चालू होता" हे ऐकल्यावर छत्री चांगली होती असं मी धरत नाही. ती महिनोन् महिने काठावर चालत असू शकते.

आता छत्री बघते कुठे ते समजून घ्या. डीडी फ्री डिश हे नाव आज घरोघरी आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर उभा आहे. आपल्या नगर जिल्ह्यातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. पैसे भरून घ्यायच्या बहुतेक सेवांचे उपग्रह वेगळे आहेत. कुणाचा थोडा दक्षिणेकडे, कुणाचा थोडा पूर्वेकडे, पण त्यांच्याही छत्र्या साधारण त्याच बाजूला तोंड करून असतात.

इथे एक गैरसमज फार पाहायला मिळतो. छत्री जिकडे तोंड करून दिसते, तिकडेच ती बघते असं लोकांना वाटतं. या छत्रीची एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे छत्रीची नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. हे ठाऊक नसल्यामुळे लोकांनी समोरच्या अंगणातलं निरपराध झाड तोडलेलं मी पाहिलं आहे. हिशेब सोपा आहे : छत्रीपासून आग्नेयेला दहा फुटांवर असलेलं झाड छत्रीच्या पातळीपेक्षा सोळा फुटांहून जास्त वर गेलं, तरच आड येतं. पन्नास फुटांवरच्या लिंबाला हात लावायचं कारण नाही. घराला लागून लावलेला शेवगा मात्र बघता बघता वाढतो, आणि ओल्या पानांतून हा सिग्नल जात नाही.

झाड ओळखायची पक्की वेळ मी सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्या दृष्टीने बरोबर फ्री डिशच्या उपग्रहामागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो. तो दोष नाही, काही करू नका. फक्त गच्चीवर जाऊन पाहा : त्या वेळी छत्रीवर ज्या फांदीची सावली पडते, तीच फांदी आड येते.

पावसाचा त्रास मात्र खरा आहे. उपग्रहाच्या सिग्नलच्या लहरी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांबीच्या असतात. मोठे, दाट थेंब त्यांना शोषतात आणि इकडेतिकडे फेकतात. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याला दिवसभर झिमझिम असते, पण बारीक पावसाने सिग्नल फारसा पडत नाही. आपल्या कोरड्या पूर्व भागात, पाथर्डी-जामखेडकडे, सप्टेंबरात संध्याकाळी विजांसह कोसळणारा पाऊस जास्त नडतो. ढगातलं पाणी साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत थेंबांच्या रूपात असतं. छत्रीची नजर तेवढ्या उंचीवर पोचेतो जमिनीवर तीन किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून अंगणात थेंब नसतानाही, आग्नेयेला दोन किलोमीटरवर झोडपत असेल, तर टीव्ही जातो. जोर ओसरला की आपोआप येतो. अशा वेळी छत्रीला हात लावू नये. पण साध्या सरीतही टीव्ही जात असेल, तर छत्री काठावर आहे असं समजा.

ते तपासायला बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं. तिथे दोन आकडे दिसतात : स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक पहिला पाहून खूश होतात. स्ट्रेंथ फक्त एवढंच सांगते की वायरीतून काहीतरी येतं आहे. छत्री भलत्याच उपग्रहाकडे असली, तरी ती ऐंशी दाखवू शकते. बघायची ती क्वालिटी, आणि तीही कोरड्या, निरभ्र दिवशी. छत्री साठ सेंटीमीटरची असेल, तर तिची कड एक सेंटीमीटर सरकली की रोख दोन अंशांनी बदलतो, आणि तेवढ्यात क्वालिटी कोसळते. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तशा वाऱ्याच्या पठारावर सैल नटबोल्ट टिकत नाहीत. छत्री हलवायची ती केसाएवढी, आणि दरवेळी काही सेकंद थांबून आकडा बघायचा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माझा वायरीच खातात. वायरीच्या टोकाची पिन उघडी राहिली की आत पाणी जातं, तांब्याची तार हिरवी पडते. कुंभारमाशी एलएनबीच्या तोंडावर मातीचं घर करते, उंदीर-खारी वायर कुरतडतात. पाऊस थांबून ऊन पडल्यावरही टीव्ही तासन् तास येत नसेल, तर दोष आभाळात नाही, पिनेत आहे. पैसे भरायच्या सेवेत काही चॅनल स्वच्छ आणि काही पूर्ण गायब असतील, तरी पिन आणि एलएनबीच आधी बघा. बॉक्स वायरीतून वर कधी तेरा, कधी अठरा व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून एलएनबी लहरींचा प्रकार निवडते. गंजलेल्या पिनेत अठरा व्होल्ट पोचत नाहीत. नवी पिन, वर रबरी टेप आणि पाणी निथळायला वायरीला खाली झोळ, एवढ्यावर कितीतरी घरांचा टीव्ही पूर्ववत होतो.

दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि काहींच्या सामानात छत्रीही असते. ती कोपीबाहेर दगड रचून उभी करायची, पण दिशा कशी धरायची? त्यांना मी सांगतो : नोव्हेंबरच्या मध्याला सकाळी साडेनऊ-पावणेदहाला सूर्याकडे तोंड करा, तीच दिशा. कोल्हापूरकडे गेलं तरी चार-पाच अंशांचाच फरक पडतो. दिवसभर कोयता चालवून आलेल्या माणसाला संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवर आपल्या भाषेतल्या बातम्या दिसाव्यात, हे मला फार मोलाचं वाटतं.

फ्री डिशवरून एखादाच चॅनल गेला असेल, तर छत्रीला हात न लावता आधी चॅनल पुन्हा स्कॅन करा. या सेवेतल्या खाजगी चॅनलच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत राहते.

आणि एक कळकळीची विनंती. विजा चमकू लागल्या की बॉक्सची वायर आणि प्लग काढून ठेवा. ओल्या पत्र्यावर कुणीही चढू नका, मॅच कितीही रंगात आली असली तरी. कारागीर आला की काम सुरू करण्याआधी त्याला क्वालिटीचा आकडा दाखवायला सांगा, काम झाल्यावर पुन्हा दाखवायला सांगा, आणि आकडा वाढला असेल तरच पैसे द्या.