नोटिशीबरोबरचे मोजमाप

पावसाळ्याची चाहूल लागण्यापूर्वी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या प्रभाग कार्यालयांतून धोकादायक इमारतींच्या याद्या सिद्ध होऊ लागतात; त्या याद्यांमागील काम प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने मी डोंबिवलीतील पागडीच्या एका जुन्या इमारतीत अभियंत्यांबरोबर जिना चढलो. हातोडीच्या ठोक्याला स्तंभाने जेथे बद्द आवाज दिला, तेथील गिलावा काढताच गंजून फुगलेली सळई दिसली. वरच्या मोरीतून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या पाण्याने तिच्याभोवतीचे काँक्रीट आतून फोडले होते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये बंधनकारक आहे, आणि कलम २६८ अन्वये धोक्याची इमारत रिकामी करवण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीची ‘मातृछाया’ कोसळून नऊ जण, आणि आठवडाभरातच, ४ ऑगस्ट रोजी, नौपाड्यातील ‘कृष्णा निवास’ कोसळून बारा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शासनाने इमारतींचे सी-१ ते सी-३ असे वर्गीकरण ठरवून दिले, ज्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडावयाची इमारत.

तरीही माणसे निघत नाहीत. “आजी, यंदाचा पावसाळा इथे काढू नका,” असे अभियंत्याने विनविले, तेव्हा एका वृद्ध भाडेकरूने विचारले, “साहेब, खोली सोडली की मालक पुन्हा दारात उभं करील का?” छत डोक्यावर पडण्याच्या भयापेक्षा कब्जा जाण्याचे भय मोठे होते. वास्तविक, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात, इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. परंतु हक्क शाबीत करावयास पुरावा लागतो. म्हणूनच कनिष्ठ अभियंत्याने फीत धरून त्या खोलीचे चटईक्षेत्र मोजले, भाडेपावती तपासली आणि भोगवटादाराच्या नावासह नोंद दप्तरी घेतली, तेव्हा कोठे त्या बाई सामान बांधावयास तयार झाल्या.

ज्या कायद्याने दुर्बळाचे प्राण वाचवावयाचे, त्याने त्याच्या परतीची हमीही हाती दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक नोटिशीबरोबर मोजमापाचा दाखला आणि तात्पुरत्या निवाऱ्याची तजवीज महानगरपालिकेने करावी. आणि जुन्या इमारतींतील रहिवाशांनी भाडेपावत्या जपून ठेवून, पावसाळ्याआधीच तपासणी व मोजमापासाठी लेखी अर्ज करावा.