अक्षरं बदलली तर?

"काय बाप्पा, प्रमेय पाठ होऊनच नाही राहिलं!" जानेवारी लागला की आमच्या अमरावती-अकोल्याकडे ही तक्रार हमखास ऐकू येते. मी शिकवते चौथीला. पण संध्याकाळी गल्लीतली दहावीची पोरं भूमितीची वही घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतात. पाठांतर जबरदस्त! डोळे मिटून पक्ष, साध्य, रचना, सिद्धता घडाघडा म्हणून दाखवतात. मग मी हळूच खोडी काढते. आकृती तीच ठेवते, फक्त त्रिकोणाचं नाव 'एबीसी'ऐवजी 'एक्सवायझेड' करते. झालं! गाडी मूर्तिजापुरातच अडकते. "मॅडम, हे आमच्या पुस्तकात नाही."

मित्रांनो, ही परीक्षा तुम्हीही स्वतःची घेऊन पाहा. अडलात तर एक युक्ती सांगते. सिद्धता एकदा तरी गोष्टीसारखी सांगायची, आणि तीसुद्धा एकही अक्षर न वापरता!

प्रमाणाचं मूलभूत प्रमेयच घेऊ. त्रिकोणात पायाला समांतर रेषा ओढली, तर ती उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते. का बरं? त्यासाठी जरा वावरात चला. समोरासमोर दोन समांतर धुरे आहेत. एका धुऱ्यावर दोन खुंट्या ठोकल्या. तुम्ही दुसऱ्या धुऱ्यावर उभे राहिलात आणि दोन्ही खुंट्यांपासून तुमच्यापर्यंत दोरी ताणली. झाला त्रिकोण. आता तुम्ही धुऱ्याधुऱ्यानं कितीही पुढे सरका, मागे सरका. त्रिकोण तिरपा होईल, लांबुळका होईल, पण क्षेत्रफळ तेवढंच राहील. पाया तोच आहे, आणि उंची म्हणजे दोन धुऱ्यांमधलं अंतर, तेही तेच आहे.

अख्खं प्रमेय एवढ्यावर उभं आहे. आपण ओढलेली रेषा हा वरचा धुरा. त्रिकोणाचा पाया हा खालचा. वरच्या धुऱ्याचा त्रिकोणातला तुकडा पाया धरा आणि खालच्या डाव्या कोपऱ्याला जोडा. मग उजव्या कोपऱ्याला जोडा. पुस्तकात 'रचना' म्हणतात ती हीच. एक डावा आणि एक उजवा, असे दोन त्रिकोण मिळाले, सारख्या क्षेत्रफळाचे. आता सगळ्यात वर जो छोटा त्रिकोण उरला, त्याची डाव्याशी तुलना करा. दोघांचे पाये मूळ त्रिकोणाच्या डाव्या बाजूवर आहेत, आणि समोरचा शिरोबिंदू दोघांचा एकच. म्हणजे उंची एकच. मग क्षेत्रफळांचं गुणोत्तर तेच पायांचं, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन तुकड्यांचं गुणोत्तर. उजवीकडेही असंच. वरचा त्रिकोण दोन्हीकडे तोच, आणि डावा-उजवा सारखे. मग गुणोत्तरं वेगळी येतील कशी?

बघा, अक्षर एकही लागलं नाही! आता पेपरात कोणतीही अक्षरं येऊ द्या, ती नुसती कोपऱ्याकोपऱ्यावर बसवायची. कारणं मात्र प्रत्येक पायरीला लिहायची. भूमितीचा पेपर ४० गुणांचा असतो आणि वेळ २ तास. हल्ली त्यात अर्धी सिद्धता छापून मधल्या चौकटी रिकाम्या सोडलेल्या असतात. अशा वेळी "समान उंची" हे कुठं आणि का लिहायचं, हे ज्याला कळलंय त्याचंच काम होतं.

दुसरा घोळ होतो तो प्रमेय आणि व्यत्यास यांचा. कुठं घराचं बांधकाम चालू असेल तर आखणी होताना जाऊन बघा. गवंडीकाका कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करतात. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं, की कोपरा काटकोनात आला! हे पायथागोरसचं प्रमेय झालं का? नाही. प्रमेयात काटकोन आधीच दिलेला असतो आणि बाजूंचं नातं सिद्ध करायचं असतं. काकांजवळ बाजूंची मापं आहेत, काटकोन हवा आहे. म्हणजे त्यांनी वापरला तो व्यत्यास. काही मुलं व्यत्यास सिद्ध करताना पहिल्याच ओळीत तो कोन काटकोन धरून मोकळी होतात. अरे, तेच तर साध्य आहे! पक्षात जे दिलं नाही, ते फुकटात घेता येत नाही.

पायथागोरसच्या प्रमेयाची पुस्तकातली सिद्धता समरूप त्रिकोणांची आहे. परीक्षेला ती तयार ठेवा. पण खात्री पटवायला बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांची आकृती मला फार आवडते. (त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता.) जुन्या लग्नपत्रिकेतून ३, ४ आणि ५ सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कापा. ५ सेंटिमीटरच्या बाजू बाहेर ठेवून चौरस जुळवा. मधे १ सेंटिमीटर बाजूचं चौरस भोक राहतं. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, चारांचं २४, भोकाचं १. एकूण २५, म्हणजे ५ चा वर्ग! ३ आणि ४ च्या वर्गांची बेरीजही तीच.

आता एक काम तुमच्याकडे. वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढा. बाहेरच्या एका बिंदूपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका ओढा. बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतचे दोन्ही तुकडे सारखे का, हे धाकट्या भावंडाला अक्षरांशिवाय समजावून सांगा. केंद्र त्या तिन्ही बिंदूंना जोडायला विसरू नका. आणि "काटकोन कुठून आला?" असं त्यानं विचारलंच, तर उत्तर तयार ठेवा.