विश्लेषण : ‘पोर्तुगीज’ पाटीमागे नेमकं काय शिजतं? गोव्यात किंवा लिस्बनमध्ये ऑर्डर देण्याआधी हे वाचा

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड उतरून खांबला गाडी थांबली, की चहासोबत वडापाव ठरलेला. त्यातला पाव, बटाटा आणि सोबतची तळलेली मिरची या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आल्या. तरीही याच रस्त्याने गोव्यात पोहोचलेल्या प्रवाशाच्या हाती ‘पोर्तुगीज’ मेन्यूकार्ड पडलं, की गोंधळ सुरू होतो. यातलं खरंच पोर्तुगीज काय? शाकाहारी माणसाने काय मागवायचं? आणि थेट पोर्तुगालला गेल्यावर न मागता टेबलावर आलेल्या ऑलिव्हचे पैसे द्यायचे का?

रायगडचा पोर्तुगीजांशी काय संबंध?

कोलाडवरून वाहणारी कुंडलिका रोह्यातून पुढे जाऊन रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. या खाडीच्या एका बाजूला रेवदंड्याचा आणि दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला आहे. चौल-रेवदंड्यात पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये पाय रोवले आणि १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही बोलली जाते.

मराठीत तर पोर्तुगीज शब्द रोजच्या वापरातले आहेत. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, चावी, पगार हे सगळे तिकडचे. पीठ पायाने तुडवतात म्हणून ‘पाव’, ही व्युत्पत्ती ऐकायला मजेशीर असली तरी चुकीची आहे. मूळ पोर्तुगीज शब्द ‘पांव’, अर्थ ब्रेड.

गोव्यातलं सगळं खाणं पोर्तुगीज आहे का?

नाही. मेन्यूकार्डवर एकाच शीर्षकाखाली छापलेल्या पदार्थांची घराणी वेगवेगळी आहेत.

* विंदालू : मूळ पोर्तुगीज पदार्थात मांस वाइन आणि लसणात मुरवलं जातं. गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं आणि मिरची-मसाल्यांची भर पडली. नावातल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, तरी अनेक हॉटेलांत त्यात बटाटा पडतो तो या गैरसमजातून.
* सोरपोतेल : डुकराचं मांस आणि काळीज वगैरे अवयव घालून केलेला आंबट-तिखट पदार्थ. याचं मूळ पोर्तुगालमध्ये आहे.
* काफ्रेयाल : कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या वाटणातलं चिकन. हा पदार्थ आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींमार्गे आल्याचं मानलं जातं.
* शाकुती : भाजलेलं खोबरं आणि खड्या मसाल्यांचं वाटण असलेला हा पदार्थ अस्सल गोव्याचा. पोर्तुगीज आहे ते फक्त रोमन लिपीतलं त्याचं स्पेलिंग.

पावाचं महत्त्व एवढं का?

गोव्यात पाव बनवणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. पोर्तुगीज धर्मगुरूंनी सासष्टी भागातील लोकांना पाव भाजायला शिकवलं, असं सांगितलं जातं. यीस्ट मिळत नसल्याने पीठ आंबवायला माडाची सूर वापरली गेली. चौकोनी पाव, बाहेरून कडक उंडो, कोंडा लावलेली पोळी म्हणजेच ‘पोई’ आणि बांगडीच्या आकाराचं काकण हे त्याचे प्रकार सकाळ-संध्याकाळ सायकलवरून दारात येतात.

हाच पाव एकेकाळी धर्म बाटण्याची खूण मानला जाई. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी कुणी प्यायलं, की तो बाटला, अशा कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आज तोच पाव मिसळीच्या ताटात असतो. मात्र सूर महाग आणि दुर्मीळ झाल्याने बहुतेक बेकऱ्यांनी यीस्टचा मार्ग धरला आहे. पहाटेच्या आधी भट्टीसमोर उभं राहण्याचं काम करायला घरची पुढची पिढीही फारशी तयार नसते. त्यामुळे लाकडाच्या भट्टीतली ताजी पोई मिळाली तर ती सोडू नये.

पणजीत काय मागवायचं?

पणजीच्या फोंताइन्हास भागातील जुन्या गल्ल्यांत आणि म्युनिसिपल गार्डनच्या परिसरात जुन्या बेकऱ्या, कॅफे आणि छोटी रेस्टॉरंट आहेत. ‘मिस्टर बेकर’ ही बेकरी १९२२ पासूनची आहे, तर १९१३ मध्ये सुरू झालेलं ‘कॅफे टाटो’ पातळ भाजी-पावासाठी ओळखलं जातं. ‘कॅफे’ नाव वाचून पोर्तुगीज मेन्यू शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की पणजीतील अनेक जुन्या कॅफेंमधलं खाणं हिंदू गोमंतकीय वळणाचं आणि बऱ्याचदा शाकाहारी असतं.

बेकरीत गोड घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : अंडं आहे का? बेबिंका हा थरांचा केक नारळाचं दूध, साखर, तूप, मैदा आणि भरपूर अंड्यांच्या बलकांपासून होतो. एक थर भाजून झाल्यावरच दुसरा ओततात, त्यामुळे तो तयार व्हायला काही तास लागतात. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रवा-खोबऱ्याच्या बाथ केकमध्येही अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळ्या गुळाचा दोदोल हा चांगला पर्याय आहे.

पोर्तुगालमध्ये हॉटेलच्या पाट्या कशा वाचायच्या?

‘ताश्का’ म्हणजे साधी खाणावळ. ‘पाश्तेलारिया’ म्हणजे बेकरी आणि कॅफे एकत्र. इथे सकाळची कॉफी घेता येते आणि दुपारचं हलकं खाणंही होतं. ‘शुर्राश्केरा’त निखाऱ्यावर भाजलेलं चिकन मिळतं, तर ‘मारिश्केरा’ ही मासे-शिंपल्यांची जागा.

दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचं ताट मागवलं तर खर्च आटोक्यात राहतो. ‘दोझ’ ही पूर्ण प्लेट अनेकदा दोघांना पुरते. एकट्याने ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी प्लेट मागवावी. अनेक कॅफेंमध्ये काउंटरवर उभं राहून प्यायलेली कॉफी बाहेरच्या टेबलावरच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते.

न मागता आलेल्या पदार्थांचे पैसे द्यायचे का?

टेबलावर बसताच वेटर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतो. याला ‘कुव्हेर’ म्हणतात. आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं ते फुकट नसतं. पोर्तुगालच्या २०१५ च्या कायद्यानुसार, ग्राहकाने न मागितलेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत. मात्र तो खाल्ला किंवा खराब केला, तर पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगावं, त्यात उद्धटपणा नाही. बिलात प्रत्येक ओळ तपासून घ्यावी.

शाकाहारींनी कुठे सावध राहायचं?

‘पाश्तेल’ म्हणजे गोडच, असं समजू नये. ‘पाश्तेल द बाकाल्याव’ हा खारवलेल्या कॉड माशाचा वडा असतो. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण वर सॉसेजचा तुकडा तरंगत असतो. ‘तोश्ता मिश्ता’ या सँडविचमध्ये चीजसोबत हॅम असतं. काही गोड पदार्थांत डुकराची चरबीही वापरतात. तिला ‘बान्या’ म्हणतात. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘सें कार्न, सें पैश’, म्हणजे ‘मांस नको, मासे नको’, असं स्पष्ट सांगितलेलं बरं.

आणि ती प्रसिद्ध कस्टर्डची वाटी?

तिचं नाव ‘पाश्तेल द नाता’. कुरकुरीत पापुद्र्यांच्या वाटीत अंड्याचा बलक, दूध आणि साखरेचं कस्टर्ड, वरून डागाळलेलं. मठांमध्ये कपड्यांना खळ देण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरला जाई आणि उरलेल्या बलकांतून असे गोड पदार्थ जन्मले, असं सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले. त्यानंतर लिस्बनच्या बेलें भागातील मठाची पाककृती शेजारच्या दुकानात गेली आणि १८३७ पासून ते दुकान सुरू आहे. ‘पाश्तेल द बेलें’ हे नाव फक्त तिथल्या वाटीचं. बाकी सगळीकडच्या त्या ‘नाता’. ती कोमट असतानाच, वर दालचिनीची पूड भुरभुरून खावी.

याच काउंटरवर काचेआड तळलेला, त्रिकोणी ‘शामुसा’ही दिसेल. गोवा आणि आफ्रिकेतून पोर्तुगालला गेलेल्या लोकांनी तिथे रुजवलेला हा आपला समोसा. ओळखीचा चेहरा पाहून लगेच उचलू नये, आत बटाट्याऐवजी बहुतेक वेळा खिमा असतो.