खुर्ची मागे घेतली की नेट जातं

पतसंस्थेच्या त्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तक्रार पाच आठवडे जुनी झाली होती. बावीस संगणक, एक सर्व्हर आणि रॅकमध्ये चोवीस पोर्टचा स्विच. कर्जविभागाच्या चार टेबलांवर दिवसातून तीन-चारदा हिशेबाचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडायचं. अर्धवट भरलेली नोंद पुसली जायची आणि समोर खातेदार ताटकळत उभा असायचा. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. एकाने राउटर बदलला, दुसऱ्याने स्विच. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

“नेट गेलं” असं सगळे म्हणतात, पण त्यात दोन वेगळी दुखणी असतात. बाहेरचं इंटरनेट बंद असेल तर कार्यालयातल्या सर्व्हरवरचं काम चालू राहायला हवं. इथे सर्व्हरशीच संबंध तुटत होता, म्हणजे दोष चार भिंतींच्या आत होता. तरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे रोज फोन चालले होते.

मी कर्जविभागाच्या एका संगणकावर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून राउटरला, दुसरीतून सर्व्हरला अखंड पिंग लावला. पिंग म्हणजे साधी हाक आणि तिला येणारी ओ. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तोही नेटवर्कच्या अशाच एका विचित्र वागण्याचा माग काढायला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज म्हणून नाव पिंग. चाळीस वर्षं उलटली, तरी माझं काम आजही तिथूनच सुरू होतं. माझा लॅपटॉप काउंटरच्या टेबलावर ठेवून तिथूनही तोच पिंग लावला आणि बसून राहिलो. हे बसून राहणंच लोकांना पटत नाही. तंत्रज्ञ आला की त्याने काहीतरी उघडावं, बदलावं, बंद करून चालू करावं अशी अपेक्षा असते. पण बंद-चालू केलं की पुरावाच जातो. दोष तात्पुरता लपतो आणि आपण निदान न करताच घरी जातो.

सव्वाअकराला कर्जविभागाच्या दोन्ही खिडक्यांत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी उमटल्या. तीन, चार, पाच. काउंटरवर मात्र उत्तरं अखंड येत होती. राउटर, सर्व्हर, मुख्य स्विच सगळे निर्दोष ठरले. चारही टेबलांच्या खाली पाच पोर्टचा एक छोटा स्विच होता, आणि रॅकपासून त्याच्यापर्यंत एकच केबल आली होती. उरले ते हा छोटा स्विच आणि ती केबल.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “सर, हसू नका, पण मी फाइल काढायला खुर्ची मागे घेतली की जातं असं मला वाटतं. आधीच्यांना सांगितलं होतं.”

मी हसलो नाही. रोज आठ तास त्या जागी बसणाऱ्या माणसाला जे दिसतं ते कुठल्याही यंत्राला दिसत नाही. आधीच्या दोघांनी हे वाक्य कानाआड केलं म्हणून संस्थेला राउटर आणि स्विचचा खर्च विनाकारण पडला.

टेबलाखाली वाकलो. केसिंग पट्टी भिंतीपासून सुटली होती, आणि बाहेर आलेल्या केबलवर खुर्चीची चाकं रोज चढत होती. बाहेरचं निळं आवरण दबलं होतं, फाटलं कुठेच नव्हतं. एक टोक टेस्टरला, दुसरं त्याच्या जोडीदाराला लावलं. एक ते आठ दिवे ओळीने लागले. वरवर पाहणाऱ्याने इथेच ‘केबल ठीक’ म्हटलं असतं. मी दबलेल्या जागी केबल बोटांत धरून हलकेच वाकवली. दुसरा दिवा गेला. सोडली, परत आला.

तो तुकडा कापून आवरण सोललं. नारिंगी तारेचं प्लॅस्टिक ब्लेडने खरवडलं तर वरच्या तांबूस मुलाम्याखाली पांढरी चकाकी दिसली. तार तांब्याची नव्हतीच. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त केबल होती ती. अशी तार वाकवून वाकवून आतल्या आत तुटते आणि टोकं एकमेकांना टेकून राहतात. टेकली की चालू, सरकली की बंद. कधी येतो कधी जातो अशा दोषाचं मूळ पुष्कळदा इतकंच असतं.

अख्खी तांब्याची नवी केबल भिंतीच्या वरच्या बाजूने, विजेच्या वायरपासून अंतर ठेवून नेली. टोकाशी जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त सोडला नाही. तो पीळच बाहेरचा विद्युत-गोंगाट अडवतो, टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती ग्रॅहम बेल यांनी १८८१मध्येच पेटंट केली होती. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला झोपेतही म्हणता येईल. आठही तारा जॅकच्या टोकाला भिडल्याचं उजेडात धरून पाहिलं आणि मगच क्रिंप मारला.

आठवडाभर शांतता होती. मग सोमवारी फोन आला, “पुन्हा गेलं.”

खरं सांगतो, पोटात गोळा आला. पण या वेळी टेबलं वेगळी होती, काउंटरची. तिथल्या संगणकाचा आयपी पत्ता पाहिला. कार्यालयातले सगळे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, याचा होता १९२.१६८.० चा. पत्ते वाटणारा दुसराच कोणीतरी आत शिरला होता. संगणक चालू झाला की ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना मारतो, आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. शोधता शोधता अध्यक्षांच्या केबिनमध्ये पोहोचलो. तिथे मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला जोडला होता. अध्यक्ष फक्त सोमवारी येत, तेव्हाच तो चालू होई. त्यानंतर जे संगणक सुरू होत, त्यांतल्या काहींना चुकीचा पत्ता मिळे. मग त्यांना सर्व्हर सापडत नसे. त्या राउटरचं पत्तेवाटप बंद केलं, त्याला कार्यालयाच्या मालिकेतला स्वतःचा पत्ता दिला. वायफायही राहिलं, तक्रारही गेली.

हा दुसरा दोष बहुधा पहिल्यापासूनच होता. रोज नेट जात होतं, तेव्हा सोमवारचं जाणं वेगळं कोणाला दिसणार?

तुमच्या कार्यालयात असं होत असेल तर एक विनंती आहे. स्विचचं बटण दाबण्याआधी एका वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता गेलं, कोणकोणत्या टेबलांवर गेलं आणि त्या क्षणी तिथे कोण काय करत होतं. तंत्रज्ञ आला की ती वही आधी त्याच्या हातात द्या, आणि नवी केबल टाकायची असेल तर बिलावर ‘पूर्ण तांबे’ असं लिहून घ्या.