घरातील नवा वाय-फाय राउटर : पासवर्ड एक नव्हे, दोन

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे जबाबदारी स्वीकारणारा एक ई-मेल पोहोचला होता. तपास यंत्रणांनी त्याचा आयपी पत्ता शोधला, तेव्हा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत आला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाला चौकशीला सामोरे जावे लागले. प्रत्यक्षात त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्याच कोणी केला असल्याचे पुढे दिसून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका खासगी कार्यालयाच्या वाय-फायवरून असेच ई-मेल धाडण्यात आले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वाय-फाय जोडण्या शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना या जोडण्या सुरक्षित करण्याविषयी निर्देश दिले.

त्या काळी वाय-फाय असलेली घरे मोजकी होती. आज फायबर जोडणी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे आणि दूरचित्रवाणी संचापासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सर्व काही त्याच एका डबीवर चालते. मूळ गोष्ट मात्र बदललेली नाही. बाहेरच्या जगाला घरातील सर्व उपकरणे राउटरमार्फत, एकाच जोडणीवरून बोलताना दिसतात. पुरवठादाराच्या नोंदवहीत ती जोडणी ज्याच्या नावावर असते, त्याच्याकडेच पहिली विचारणा होते.

नवी जोडणी घेताना साधारणपणे एक तंत्रज्ञ येतो, भिंतीवर उपकरण बसवतो, स्वतःच्या सोयीने पासवर्ड घालतो, एकदा इंटरनेट चालू असल्याचे दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. ग्राहकाच्या लेखी काम संपलेले असते. सुरक्षेच्या दृष्टीने ते तेथून सुरू होते. त्यासाठी लागणारा वेळ पाऊण तासाहून अधिक नाही आणि पैसा तर मुळीच लागत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ असतो तो पासवर्डविषयी. राउटरला पासवर्ड एक नसून दोन असतात. पहिला वाय-फायचा, तो पाहुण्यांना सांगितला जातो आणि मोबाइलमध्ये साठवला जातो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे ज्या पानावरून उपकरणाच्या सर्व मांडण्या बदलता येतात त्या पानाचा. पहिला म्हणजे घराच्या दाराची किल्ली मानली, तर दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. बहुतेक घरांमध्ये पहिला बदललेला असतो. दुसरा असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. तो कारखान्यातून आला तसाच राहतो. काही संचांवर तो प्रत्येक उपकरणासाठी वेगळा छापलेला असतो, पण असंख्य जुन्या व स्वस्त संचांवर वापरकर्त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असतो. हे जोडशब्द गुपित नाहीत. कोणत्या बनावटीच्या संचाला कोणता पासवर्ड, याच्या याद्या इंटरनेटवर सहज मिळतात.

या ढिलाईची किंमत भारताने मोजलेली आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगम लिमिटेडच्या ब्रॉडबँड ग्राहकांकडील मोडेमवर एका घातक प्रणालीने हल्ला केला. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता असे मोडेम त्यात सापडले आणि ग्राहकांची इंटरनेट सेवा बंद पडली. निगमला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी ‘मिराई’ या प्रणालीने हाच मार्ग चोखाळला होता. वापरकर्ता नाव आणि पासवर्डाच्या साठेक ठरावीक जोड्या, एवढ्या भांडवलावर तिने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या ताब्यातील उपकरणांकडून ‘डिन’ या कंपनीच्या यंत्रणेवर एकाच वेळी मारा करण्यात आला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातील उपकरणे या माऱ्यात सामील होती, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

व्यवस्थापनाचे पान उघडणे कठीण नाही. राउटरशी जोडलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून उपकरणाच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरील अंकी पत्ता टाकावा लागतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे पत्ते सर्रास आढळतात. नव्या संचांसाठी उत्पादकाचे मोबाइल अ‍ॅपही असते. आत गेल्यावर पहिले काम व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलण्याचे. तो रोज लागत नसल्याने वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालतो. कागदावर पासवर्ड लिहू नये, हा उपदेश कार्यालयासाठी ठीक आहे. ज्या हल्लेखोरापासून घराला धोका आहे, तो कपाटापर्यंत येत नसतो.

मग येतो वाय-फायचा पासवर्ड. येथे भारतीय घरांची एक खास सवय आड येते. लक्षात राहावा म्हणून ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवला जातो. दहा आकडी म्हणजे भक्कम, असा समज त्यामागे असतो. गणित वेगळे सांगते. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘डब्ल्यूपीए-२’ पद्धतीत मोबाइल राउटरशी जोडला जाताना होणारी सुरुवातीची देवाणघेवाण आसपासचा कोणीही टिपू शकतो. ती टिपून नेली की पुढचे अंदाज त्याला स्वतःच्या संगणकावर, निवांतपणे करता येतात. राउटरला त्याची चाहूलही लागत नाही. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. बाजारात मिळणारे एक शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासू शकते. सेकंदाला दहा लाख धरले, तरी सर्व ४०० कोटी शक्यता तपासून होण्यास सुमारे ६७ मिनिटे लागतात. आणि क्रमांक जर शेजाऱ्याला ठाऊकच असेल, तर तेवढीही गरज नाही.

याउलट रोमन लिपीतील लहान अक्षरे व अंक यांची कशीही निवडलेली बारा चिन्हांची मालिका त्याच वेगाने पूर्णपणे चाळून काढायला सुमारे दीड लाख वर्षे लागतील. अशी मालिका लक्षात ठेवणे अवघड वाटत असेल, तर परस्परांशी काहीही संबंध नसलेले पाच साधे शब्द एकापुढे एक लिहावेत. सांडशी, रेवदंडा, पिंपळ, इस्त्री, तबला असे शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप केले की पासवर्ड लांबही होतो आणि घरातील आजींना तोंडी सांगताही येतो. (छापून आलेले हे पाच मात्र वापरू नयेत.) मुलांची नावे, जन्मसाल, कुलदैवत आणि त्यापुढे १२३ ही रचना अंदाज बांधणाऱ्या प्रणालींना फार पूर्वीच पाठ झालेली आहे.

जाळ्याचे नावही बदलणे हिताचे. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत अंतिम किल्ली तयार होताना पासवर्डाबरोबर जाळ्याचे नावही मिसळले जाते. त्यामुळे हजारो घरांत सारख्याच असणाऱ्या नावांसाठी हल्लेखोर आधीच कोष्टके तयार करून ठेवू शकतो. नव्या नावात आडनाव किंवा सदनिका क्रमांक नसावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणते जाळे कोणत्या घराचे, हे सांगण्याचे काही कारण नाही.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. १९९७ ची ‘डब्ल्यूईपी’ पद्धत २००१ मध्येच भेदली गेली. ती कोठे दिसली तर तत्काळ सोडावी. २००४ ची डब्ल्यूपीए-२ आजही चालण्याजोगी आहे, मात्र पासवर्ड भक्कम हवा. २०१८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूपीए-३’ मध्ये देवाणघेवाण टिपून घरी नेऊन अंदाज करण्याचा वर सांगितलेला मार्गच बंद करण्यात आला आहे. प्रत्येक अंदाज राउटरला प्रत्यक्ष विचारूनच करावा लागतो. जुलै २०२० पासून वाय-फाय अलायन्सचे प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना ही पद्धत बंधनकारक आहे. घरात एखादा जुना मोबाइल किंवा प्रिंटर असेल, तर दोन्ही पद्धतींचा मिश्र पर्याय निवडता येतो.

‘डब्ल्यूपीएस’ नावाची सोय तेथेच आढळेल. पासवर्ड न टाकता आठ अंकी क्रमांकाने उपकरण जोडता यावे, यासाठी ती निर्माण झाली. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता. शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरत असल्याने प्रत्यक्षात एक कोटी. तरीही संख्या मोठी वाटते. परंतु डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकाने त्यातील विचित्र दोष दाखवून दिला. राउटर हा क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा बरोबर की चूक, हे विचारणाऱ्याला कळू देतो. पहिल्या चार अंकांच्या दहा हजार शक्यता आणि उरलेल्या तिघांच्या एक हजार, म्हणजे एक कोटींऐवजी फार तर अकरा हजार प्रयत्न. काही तासांत दार उघडते, मग मुख्य पासवर्ड कितीही लांब असो. क्रमांकाने जोडण्याचा हा पर्याय बंद करून टाकणे हाच त्यावरील साधा इलाज.

बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून राउटरचे व्यवस्थापन करण्याची मुभा बंद असल्याची खात्री करावी. घरगुती वापरात तिची गरज क्वचितच पडते. नामप्रणालीच्या, अर्थात डीएनएसच्या नोंदीकडेही एकदा पाहून ठेवावे. संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची दूरध्वनी सूची होय. ब्राझीलमध्ये २०११ व २०१२ मध्ये सुमारे ४५ लाख मोडेममधील नेमकी हीच नोंद गुन्हेगारांनी बदलली होती. ग्राहक बँकेचे नाव अचूक टाइप करीत, पण सूचीच खोटी असल्याने ते बनावट पानावर पोहोचत. आज ब्राउझर अशा वेळी प्रमाणपत्राबाबत इशारा देतो. बँकेच्या पानावर असा इशारा दिसल्यास ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय कदापि निवडू नये.

पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ही सोय बहुतेक नव्या संचांत असते, पण फारशी वापरली जात नाही. तिचा खरा उपयोग केवळ पाहुण्यांपुरता नाही. स्वस्त कॅमेरा, स्मार्ट दिवा, दूरचित्रवाणी संच अशा उपकरणांना उत्पादकाकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळतीलच, याची शाश्वती नसते. ती या दुसऱ्या जाळ्यावर ठेवली, तर त्यांपैकी एखादे परक्याच्या ताब्यात गेले तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या मोबाइलपर्यंत पोहोचणे कठीण होते. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी तर भाडेकरूंसाठी वेगळे जाळे ठेवावेच, आणि भाडेकरू बदलला की त्याचा पासवर्डही बदलावा.

जाळ्याचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादी करणे, हे सल्ले अजूनही हिरिरीने दिले जातात. त्यांचा उपयोग अल्प आहे. लपवलेले नाव साध्या साधनांनी टिपता येते. यादीतील उपकरणांचे हार्डवेअर पत्ते नकलता येतात. शिवाय आताचे मोबाइल हा पत्ता स्वतःहून बदलून सांगतात, त्यामुळे त्रास होतो तो घरच्यांनाच.

राउटर हाही एक छोटा संगणकच आहे आणि त्याच्या आतील प्रणालीतही चुका सापडत राहतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक माथी वानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधील ‘क्रॅक’ हा दोष उघड केला, तेव्हा दुरुस्ती आली ती प्रणालीच्या अद्ययावतीकरणातूनच. पुरवठादाराने दिलेल्या संचांचे अद्ययावतीकरण सहसा तोच दुरून करतो. बाजारातून स्वतः घेतलेल्या संचात मात्र स्वयंचलित अद्ययावतीकरणाचा पर्याय सुरू करावा लागतो. उत्पादकाने ज्याला सुधारणा देणे थांबवले आहे असा संच, तो उत्तम चालत असला तरी, बदलणेच योग्य. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने हॅकर्सच्या ताब्यातील शेकडो राउटरचे जे जाळे मोडून काढल्याचे जाहीर केले, त्यातील बहुसंख्य संच असेच मुदत संपलेले होते.

उपकरण आधीच बाधित झाल्याची शंका असल्यास ते मूळ कारखाना स्थितीत आणून वरील सर्व मांडण्या नव्याने कराव्यात. घरातील संगणक व मोबाइल तपासण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मोफत साधने उपलब्ध आहेत, फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेले हे केंद्र सर्ट-इन ही संस्था चालवते. आर्थिक फसवणूक झाली असेल, तर विलंब न लावता १९३० या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी.

नवा संच आल्यावर जुना सहसा माळ्यावर जातो किंवा भंगारात. त्यात पुरवठादाराच्या जोडणीचे वापरकर्ता नाव, त्याचा पासवर्ड आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असू शकतो. देण्यापूर्वी तो विजेला जोडून मागील बारीक छिद्रात टाचणी घालावी आणि दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरावी.