खानदानी कॅन्सर आणि घरचा दस्तरखान

आमच्या आपाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा तिचं वय ४१ होतं. ऑपरेशन होऊन ती घरी आली त्या आठवड्यात आमच्या घरी काय काय आलं, ते आम्ही भावंडं अजून विसरलेलो नाही. खालाने मधात भिजवलेली कलौंजी पाठवली. उमराहून परतलेल्या शेजाऱ्यांनी जमजम आणि अजवा खजूर आणले. एका चुलतभावाने कुठूनशी उंटिणीच्या दुधाची पावडर मिळवली. कोणी गव्हांकुराचा रस सांगितला, कोणी पपईच्या पानांचा. प्रत्येकाच्या मनात मायाच होती, त्याबद्दल आमची कोणाविषयी तक्रार नाही. पण त्या मायेपोटी आपाच्या ताटातून एकेक पदार्थ उठत गेला. साखर कॅन्सरला पोसते म्हणून साखर बंद. मग भात बंद. मटण, अंडी, दूध सगळं "गरम" किंवा "जड" म्हणून बंद. तीन आठवड्यांत तिचं वजन चार किलोने उतरलं. केमोच्या दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचे आकडे पाहिले, वजनकाट्याकडे पाहिलं आणि केमो एक आठवडा पुढे ढकलली.

"उपाशी कोणी ठेवलं हिला?" एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही सगळे खाली बघत राहिलो.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो त्याहून महत्त्वाचा होता. अब्बा कशाने गेले? आम्ही म्हणालो, पोटाच्या आजाराने, ४७व्या वर्षी. आणि त्यांच्या बहिणी? फुफीला गर्भाशयाचा कॅन्सर होता. दादांचं काय झालं ते कोणाला नीट ठाऊक नव्हतं, "पोटात गाठ होती" एवढंच अम्मीने ऐकलेलं. या तीन गोष्टी आमच्या घरात वर्षानुवर्षं होत्या, पण त्या एका ओळीत मांडून पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा जपून ठेवलेला तुकडा पुन्हा तपासला गेला, मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली. आपाला लिंच सिंड्रोम निघाला.

हे नाव बहुतेक वाचकांसाठी नवं असेल, म्हणून थोडं समजावून सांगतो. शरीरातल्या पेशी सतत दुभंगून नव्या होतात. त्या वेळी जनुकांची नक्कल करताना चुका होतात आणि त्या चुका दुरुस्त करणारे रफूगर पेशीतच असतात. लिंच सिंड्रोममध्ये या रफूगरांपैकी एकाचा नमुना जन्मापासूनच बिघडलेला असतो. बापाकडून किंवा आईकडून तो येतो आणि प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्या मुख्य जनुकांची नावं. पहिल्या दोनपैकी एखादं बिघडलेलं असेल तर आयुष्यात आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण निम्म्यापर्यंत जातो. बायकांत गर्भाशयाचा धोकाही मोठा असतो. आतड्याच्या कॅन्सरच्या दर १०० रुग्णांत सुमारे तिघांना हा आजार असतो, म्हणजे फार दुर्मीळही नाही. स्तन आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी बीआरसीए जनुकांचं नाव आपण ऐकतो, तसाच हा प्रकार.

याचा शोध एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे लागला. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना ती म्हणाली होती की, आमच्या घरात सगळे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या खानदानाची नोंद ठेवून १९१३ मध्ये छापली, पण पुढची पन्नास वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६० च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी असेच परिवार गोळा केले, आणि जनुक हाती लागायला १९९३ उजाडलं. त्या बाईला जे ठाऊक होतं ते तिने निदान बोलून तरी दाखवलं होतं. आमच्या घरात तेवढंही झालं नव्हतं.

आता खाण्याकडे येऊ. आमची मोठी चूक ही की, उपचार चालू असतानाचं खाणं आणि उपचार संपल्यानंतरचं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला कळलं नाही. केमो चालू असताना शरीराला जखम भरायची असते, रक्त तयार करायचं असतं. त्या दिवसांत वजन उतरणं ही चांगली खूण नव्हे. अंडी, मासे, कोंबडी, दही, डाळ, मऊ खिचडी, जे पोटात राहील ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. साखर पूर्ण तोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, कारण शरीर आपली साखर भातातून, भाकरीतून आणि वेळ पडली तर स्वतःच्या स्नायूंतूनही तयार करतं. उपाशी मरतो तो माणूस. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात तेव्हा कच्चे रस, गाडीवरचा ऊस, न शिजवलेल्या पाल्याचे काढे यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ते तेवढे दिवस नकोतच.

कलौंजीबद्दल आमच्या घरात वाद झाला, कारण तिच्याविषयीची हदीस सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मशिदीतल्या मौलानांनीच तो मिटवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी औषधोपचार करायलाही सांगितलं आहे, तेव्हा एकासाठी दुसरं टाकू नका, असं ते म्हणाले. नानवर किंवा भाजीत कलौंजी घालून खायला कोणाची ना नाही. पण तिच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा कुठलीही जडीबुटी केमोसोबत चालू करायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण काही औषधं यकृतात एकमेकांच्या वाटेत येतात.

उपचार संपले, आपा सावरली, आणि मग मात्र दस्तरखान खरोखर बदलावा लागला. लिंच असलेल्या लोकांवर ब्रिटनचे प्रा. जॉन बर्न आणि प्रा. जॉन मॅथर्स यांनी केलेला एक मोठा प्रयोग आहे, कॅप-२ नावाचा. त्यात १९९९ ते २००५ या काळात निरनिराळ्या देशांतले लोक घेतले आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातून तीन गोष्टी दिसल्या. पहिली वजनाची. लठ्ठ असलेल्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका बेताच्या वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे २.४ पट होता. दुसरी ॲस्पिरिनची. रोज ६०० मिलिग्रॅम दोन वर्षं घेणाऱ्या ४२७ जणांपैकी ४० जणांना पुढे आतड्याचा कॅन्सर झाला, खोटी गोळी घेणाऱ्या ४३४ जणांपैकी ५८ जणांना. हा फरक दिसायला काही वर्षं जावी लागली. (ॲस्पिरिनने पोटात व्रण होतो, रक्तस्राव होतो. ती दुकानातून आणून स्वतःच्या मनाने चालू करायची गोष्ट नाही.)

तिसरी गोष्ट खाण्याची, आणि आमच्या घरात तीच सगळ्यांना आवडली. काही प्रकारचा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या उपयोगी जंतूंचं खाद्य होतो. तो थोड्या हिरव्या केळ्यात असतो, डाळी-कडधान्यांत असतो, शिजवून गार झालेल्या भातातही वाढतो. प्रयोगात ४६३ जणांना रोज ३० ग्रॅम असा स्टार्च पावडरीतून दिला. त्यांच्यात जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका अशा वरच्या पोटाचे कॅन्सर पाच निघाले, तर न घेणाऱ्या ४५५ जणांत २१. घेणं थांबवल्यावरही दहा वर्षं फायदा टिकला. हे ऐकून अम्मीने अर्धकच्च्या केळ्यांचा घडच टांगला. पण त्याच प्रयोगात आतड्याचा कॅन्सर मात्र या स्टार्चने कमी झाला नाही. म्हणजे ज्या कॅन्सरची आपाला आणि आम्हाला सर्वांत जास्त भीती, त्यावर केळ्याचा उपयोग नाही. केळी खावीच, पण हे माहीत ठेवून.

आतड्यासाठी जे काम करतं ते स्वयंपाकघरात नाही. फिनलंडमध्ये लिंचच्या परिवारांवर १५ वर्षं अभ्यास झाला. १३३ जणांची दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली, ११९ जणांनी केली नाही. तपासणी करणाऱ्यांत कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला, कारण गाठ बिघडण्याआधीच काढून टाकता आली. तपासणी न केलेल्यांत नऊ जण आतड्याच्या कॅन्सरने गेले, केलेल्यांत एकही नाही. आता तर एमएलएच१ आणि एमएसएच२ असलेल्यांना पंचविशीच्या आतबाहेर सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करायला सांगतात.

तरीही आम्ही दस्तरखान बदलला आणि तो सगळ्यांसाठी बदलला. आजाऱ्यासाठी वेगळं पातेलं चढवलं की त्याला तीन वेळा आठवण होते की आपण आजारी आहोत, आणि ज्यांच्या अंगात तोच बिघाड असू शकतो ती भावंडं शेजारी बसून निहारी खात असतात. मटण आम्ही सोडलं नाही. आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको, असं कॅन्सर-प्रतिबंधाचे जाणकार सांगतात. आमच्याकडे आता ते जुम्याला आणि एखाद्या दिवशी. बाकी दिवस मासे, मसूर, हरभरा, ज्वारीची भाकरी, पालेभाजी. दालच्यात दुधी आणि डाळ जास्त, मटण नावाला. खरी परीक्षा बकरी ईदला होते. कुर्बानीचे तीन हिस्से करायचे, हे आपण सगळे जाणतो, पण घरचा हिस्सा फ्रीजमध्ये महिनाभर पुरतो हेही जाणतो. गेल्या ईदला अम्मीने घरचा हिस्साही निम्मा वाटून टाकला.

सॉसेज आणि सलामी मात्र बंदच. प्रक्रिया केलेल्या मांसाने आतड्याचा कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं आहे. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मुलं म्हणाली, पाकिटावर हलाल लिहिलंय. हलालचा शिक्का जनावर कसं कापलं ते सांगतो, त्यात घातलेल्या नायट्राइटबद्दल काही सांगत नाही.

दारू आपल्याकडे हराम आहे, त्यामुळे कॅन्सरचं एक मोठं कारण आपल्या घरांतून आपोआप टळतं. पण मशेरी? पान-तंबाखू? आमची फुफी सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नसे आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नसे. चालण्याचंही तसंच. नमाजात हालचाल होते म्हणून वेगळं चालायची गरज नाही, असं आपल्या बायका सांगतात. आपा आता असरनंतर अर्धा तास चालते, सोबत दोन शेजारणी असतात. एकटीला लोक काय म्हणतील, ही भीती तिघींनी मिळून संपवली.

रमजानबद्दल एवढंच. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत दिव्य कुरआननेच दिली आहे, आणि ज्याला पुढेही जमणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. केमो चालू असताना लपून रोजा ठेवणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. ज्यांच्या पोटावर आतड्याचं तोंड काढून पिशवी लावलेली असते, त्यांच्या शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने जातात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच ठेवू नये. आपाने पहिल्या वर्षी फिदिया द्यायचं ठरवलं होतं. मौलाना म्हणाले, तुला बरं व्हायचं आहे, तू कजा रोजे ठेव. त्या एका वाक्याने ती जेवढी हसली तेवढी सहा महिन्यांत हसली नव्हती.

सगळ्यात कठीण काम नातेवाईकांना सांगण्याचं ठरलं. फुफीच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, तेव्हा "आत्ता नको" असं ठरलं, आणि ते आत्ता वर्षभर लांबलं. लोकांना वाटतं हे चुलत-मामेभावंडांच्या लग्नांमुळे होतं. तसं नाही. एकाच पालकाकडून आलेला बिघाड पुरेसा असतो. मात्र लिंच असलेल्या घरातल्या घरात लग्न झालं आणि दोघांकडेही तोच बिघाड असला, तर मुलाला दोन्हीकडून तो मिळू शकतो आणि लहानपणीच कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आमच्यासारख्या घरांत तर सोयरिकीआधी सांगायलाच हवं. ज्या घरात दोन पिढ्यांत मिळून तिघांना असे कॅन्सर झालेत आणि त्यातला एक पन्नाशीच्या आतला आहे, त्यांनी विचारायला उशीर करू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये खानदानी कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. फुफीची मुलगी शेवटी तपासून आली. तिच्यात बिघाड नाही.

राहिला आमचा धाकटा भाऊ. तो ३४ वर्षांचा आहे. आपाच्या आजारानंतर त्याने आठ किलो वजन उतरवलं, तंबाखू सोडली, रोज सकाळी अर्धकच्चं केळं खातो, जो भेटेल त्याला कॅप-२ समजावून सांगतो. फक्त रक्त तपासायला जात नव्हता. "मी सगळं पाळतोय ना," म्हणायचा. गेल्या महिन्यात आपाची कोलोनोस्कोपी होती. गुंगीचं औषध देतात, सोबत कोणीतरी लागतं. "तूच चल," ती त्याला म्हणाली, "बाकी कोणाला सुट्टी नाही." आम्हाला तिघांनाही सुट्टी होती. तो बाहेरच्या बाकावर दीड तास बसला. आपा गुंगीतून उठून बाहेर आली तेव्हा त्याच्या कोपराच्या घडीत कापूस दाबलेला होता. रिपोर्ट यायला अजून दोन आठवडे आहेत.